स्पीकरला साजेसा ॲम्प्लिफायर कसा निवडावा

महागडे स्पीकर पसंत केल्यावर बहुतेक जण “आता किती वॅटचा ॲम्प्लिफायर घेऊ?” असे विचारतात आणि दुकानदारही एक आकडा सांगून मोकळा होतो. विहिरीवर मोटार बसवणारा शेतकरी मात्र एचपीचा आकडा शेवटी ठरवतो. पाणी किती खोल आहे, पाइपलाइन किती लांब न्यायची आहे आणि डीपीवरून व्होल्टेज किती मिळते, हे तो आधी पाहतो. ॲम्प्लिफायरच्या बाबतीतही क्रम हाच असावा. स्पीकर नेमका कुठे अडवतो, खोली किती मोठी आहे, आणि मराठवाड्यातली वीज व उन्हाळा यांत ॲम्प्लिफायरची कागदावरची ताकद किती टिकते, हे कळले की वॅटचा आकडा काढायला साधा गुणाकार पुरतो.

या लेखात स्पीकर आधी ठरला आहे असे गृहीत धरले आहे, आणि ते मुद्दाम. दोन स्पीकरांमधला फरक कोणालाही ऐकू येतो. दोन चांगल्या ॲम्प्लिफायरमधला फरक, दोघेही भार नीट पेलत असतील तर, फार थोडा असतो. त्यामुळे खर्चातला मोठा वाटा स्पीकरवर घालावा असे माझे मत आहे. अपवाद एकच: निवडलेला स्पीकर चालवायला अवघड असेल तर ॲम्प्लिफायरवर हात आखडून चालत नाही.

संवेदनशीलतेचा आकडा

स्पीकरच्या माहितीपत्रकात सर्वप्रथम संवेदनशीलता पाहावी. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, हे हा आकडा सांगतो. ओहम हे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचे माप; ॲम्प्लिफायरवरचा भार तो हाच. ८ ओहमच्या भारावर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या भारावर तेवढेच व्होल्टेज २ वॅट खाते. म्हणून “८८ डेसिबल” असे लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर प्रत्यक्षात एका वॅटला ८५ डेसिबलच देतो. माहितीपत्रकात ही गोष्ट खोटी लिहिलेली नसते, पण ती वाचणाऱ्याला उमगेल अशी मांडलेलीही नसते.

पुढचे गणित तीन नियमांवर चालते. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. दहापट केले की १० डेसिबलने वाढतो, आणि ही १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज वाटते. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिळत असल्याने ही घट बरीच कमी होते.

समजा, परभणीतल्या एखाद्या घरात १२ बाय १६ फुटांची बैठक आहे, स्पीकर ८७ डेसिबलचा आणि ८ ओहमचा आहे, आणि ऐकणारा सुमारे ३ मीटरवर बसतो. अंतरापायी खोलीत साधारण ६ डेसिबल जातात, दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल परत येतात, म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिल्यावर बसल्या जागी ८४ डेसिबल मिळतात. ही पातळी घरात ऐकायला चांगलीच भरदार असते. मग शंभर वॅट कशाला हवेत? कारण संगीत सरासरी पातळीवर थांबत नाही. नीट ध्वनिमुद्रित केलेल्या पखवाजाची खुली थाप किंवा तबल्याच्या बायाचा घुमारा सरासरीच्या १८ ते २० डेसिबल वर जाऊ शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. एका वॅटवर निवांत चाललेले भजन त्या थापेच्या क्षणी शंभर वॅट मागते.

याच खोलीत, याच आवाजासाठी, ९३ डेसिबलच्या स्पीकरला २५ वॅट पुरतात आणि १०० डेसिबलच्या हॉर्न (कर्ण्याच्या) स्पीकरला ५ वॅट. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यात ठेवण्यासाठी बनवलेला क्लिप्शहॉर्न १०५ डेसिबलचा सांगितला जातो; तो कंपनीच्या दाव्यापेक्षा काही डेसिबल कमी भरला तरी त्याला दोन-चार वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) चालतो. उलट टोकाला बीबीसीने आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रण गाड्यांसाठी १९७० च्या दशकात विकसित केलेला छोटा एलएस३/५ए जेमतेम ८३ डेसिबलचा आहे. गणिताने त्याला अडीचशे वॅट हवेत, पण तेवढे वॅट सोसण्याइतका त्याचा छोटा वूफर (खालच्या स्वरांचा शंकू) दणकट नाही. अशा स्पीकरला मोठा ॲम्प्लिफायर लावणे हा उपाय नव्हे. तो लहान खोलीत, जवळून आणि बेताच्या आवाजात ऐकायचा स्पीकर आहे हे मान्य करणे, हाच उपाय आहे.

आपली खरी गरज मल्टिमीटरने मोजणे

वरचे गणित अंदाजाचे आहे. ज्यांच्याकडे आधीपासून एखादा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत, त्यांना आपली गरज घरीच मोजता येते, आणि त्यासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर मात्र ही रीत वापरू नये, कारण स्पीकर न जोडता त्यातून संकेत सोडला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिघडू शकतो.

आपल्या आवडीचे, नीट ध्वनिमुद्रित केलेले संगीत लावावे आणि आपण कधीकाळी ज्या सर्वांत मोठ्या आवाजात ऐकतो तिथपर्यंत व्हॉल्यूम न्यावा. घरात कोणी नसताना, दिवाळीच्या सुट्टीत, मित्र जमल्यावर जो आवाज लावला जातो, तो. व्हॉल्यूमची खूण लक्षात ठेवून संगीत थांबवावे, ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवाव्यात, आणि तो पुन्हा चालू करून त्याच प्लेअरवरून १०० हर्ट्झचा, उणे २० डेसिबल पातळीचा चाचणी-स्वर वाजवावा. अशा स्वराची फाइल संगणकावरच्या कोणत्याही ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत मिनिटभरात तयार होते. व्हॉल्यूम पूर्वीच्याच खुणेवर ठेवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा आणि एका चॅनेलच्या (डाव्या किंवा उजव्या बाजूच्या) लाल व काळ्या टर्मिनलमध्ये टेकवावा. काळे टर्मिनल म्हणजे अर्थ, असे समजून मीटरची एक तार पेटीच्या पत्र्याला लावू नये. अनेक ॲम्प्लिफायरांत दोन्ही टर्मिनल जिवंत असतात.

मीटरवर २.१ व्होल्ट आले असे धरू. उणे २० डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या एक दशांश व्होल्टेज, म्हणून संगीताच्या टोकाला २१ व्होल्ट लागणार. २१ चा वर्ग ४४१. त्याला ८ ने भागले की ५५ वॅट, आणि ४ ओहमचा स्पीकर असेल तर ११० वॅट. नवीन स्पीकर जुन्यापेक्षा ३ डेसिबलने कमी संवेदनशील असेल तर हा आकडा दुप्पट करावा. निघालेल्या आकड्यावर थोडी मोकळीक ठेवून ॲम्प्लिफायर शोधला की “दोनशे घ्या, साहेब, कमी पडायला नको” या आग्रहाला उत्तर देता येते. पुष्कळांची गरज तीस-चाळीस वॅटमध्ये भागते. लहान खोली आणि बरी संवेदनशीलता असेल तर त्याहूनही कमी.

ओहमचा आकडा आणि त्यामागचे खरे दुखणे

वॅटचे गणित सोपे आहे. जोडी बिघडते ती इम्पिडन्सपाशी, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या स्पीकरच्या विरोधापाशी. स्पीकरवर “८ ओहम” असे लिहिलेले असते, पण तो ठोकळ आकडा असतो. प्रत्यक्षात इम्पिडन्स प्रत्येक स्वराला बदलतो, कुठे ३० ओहमपर्यंत चढतो आणि कुठे ३ ओहमपर्यंत उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान इम्पिडन्स लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ ओहमच्या वर राहायला हवे. हा दंडक सर्रास पाळला जात नाही. केईएफ कंपनीचा २०१२ सालचा, जगभर गाजलेला एलएस५० हा स्पीकर ८ ओहमचा म्हणून दिला जात असे आणि त्याच पत्रकात किमान ३.२ ओहमही लिहिलेले असत. कंपनीने ते लपवले नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. वाचणाऱ्याने तो दुसरा आकडा शोधला पाहिजे.

किमान ओहमने काय होते? ८ ओहमवर १०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर २८.३ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर देत असतो. तेच २८.३ व्होल्ट ३ ओहमच्या खळग्यात गेले की नऊ-साडेनऊ अँपिअर लागतात आणि क्षणिक टोक १३ अँपिअरपुढे जाते. एवढा करंट देण्याची ताकद ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर या तिघांत मिळून असावी लागते. ती आहे की नाही हे ओळखण्याची चांगली खूण माहितीपत्रकातच सापडते: ८ ओहमवर १०० वॅट आणि ४ ओहमवर २०० च्या आसपास लिहिले असेल तर वीजपुरवठ्याचा भाग दणकट आहे, १०० चे जेमतेम १३० होत असतील तर अवघड स्पीकरपाशी तो दमणार. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

किमान ओहमइतकाच फेज-कोनही, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या चढउतारातली तफावतही, महत्त्वाचा असतो, पण तो माहितीपत्रकात जवळपास कधीच नसतो. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी टोकाला पोहोचत नसतील तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर जास्त व्होल्टेज असतानाच जास्त करंट वाहतो आणि ते अधिक तापतात. साध्या बी वर्गाच्या (लाटेचा वरचा अर्धा एक ट्रान्झिस्टर आणि खालचा दुसरा हाताळतो अशा) आउटपुटसाठी हिशेब केला तर ३० अंशांच्या कोनाला ट्रान्झिस्टरवरचा क्षणिक ताण दुपटीवर जातो आणि ४५ अंशांना पावणेतीनपटीच्या पुढे. म्हणजे ६ ओहम आणि ४५ अंश असा स्पीकर ट्रान्झिस्टरला सुमारे २ ओहमच्या साध्या भारासारखा जाचतो. तटस्थ मासिकांच्या चाचण्यांत इम्पिडन्स आणि फेज यांचे आलेख छापलेले असतात; त्यांत इम्पिडन्सची रेघ खाली असताना फेजची रेघ शून्यापासून लांब आहे का, एवढे पाहावे. हे दोन्ही ८० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात घडत असेल तर अधिक सावध राहावे, कारण पखवाज, बाया, ढोलकी आणि पुरुषी आवाजाचा खर्ज यांची बरीच ताकद तिथेच असते.

काही स्पीकर याच्या अगदी उलट असतात. अमेरिकेतील मॅग्नेपॅनचे पातळ पडद्याचे स्पीकर ४ ओहमचे आणि कमी संवेदनशीलतेचे आहेत, पण त्यांचा भार जवळपास साध्या रोधासारखा आहे. त्यांना वॅट भरपूर लागतात, पण ते ॲम्प्लिफायरला जाचत नाहीत. काहींचे दुखणे आणखी वेगळे असते. पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेल्या, क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभाराने पातळ पडदा हलवणाऱ्या) स्पीकरला फार व्होल्टेज दिले की आतले पडदे ठिणगी पडून निकामी होतात. त्याची मर्यादा ३३ व्होल्टच्या टोकाची आहे, आणि तो मुळात क्वाडच्याच १५ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसोबत चालत असे. अशा जुन्या स्पीकरला दोनशे वॅट जोडणे म्हणजे तो मोडीत काढणेच आहे.

लहान ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतो हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. ॲम्प्लिफायर मर्यादेबाहेर गेला की लाटेची टोके कापली जातात, सरासरी ताकद वाढते आणि तिच्यातला उंच स्वरांचा वाटा ट्विटरकडे (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे) जातो. ट्विटरची तार केसासारखी बारीक असल्याने ती तापून तुटते. लग्नाच्या वरातीत डीजेचे ट्विटर उडतात त्याचे कारणही बहुधा हेच असते.

एव्ही रिसीव्हरच्या (घरगुती सिनेमासाठीच्या अनेक चॅनेलांच्या ॲम्प्लिफायरच्या) पाठीवर “४ ओहम / ८ ओहम” अशी खटकी असेल तर ती ४ वर नेल्याने ताकद वाढत नाही. बहुधा आतले व्होल्टेज कमी करून पेटी तापण्यापासून वाचवली जाते, एवढेच. दोन चॅनेल जोडून एक करण्याची ब्रिज सोय ४ ओहमच्या स्पीकरला वापरू नये, कारण प्रत्येक अर्ध्याला निम्मेच ओहम दिसतात. आणि “पीएमपीओ ५००० वॅट” असा क्षणिक टोकाचा, जाहिरातीपुरता आकडा चिकटवलेल्या पेट्यांबद्दल या लेखात बोलायचे कारण नाही. अमेरिकेत १९७४ पासून घरगुती ॲम्प्लिफायरची सलग ताकदच जाहीर करण्याचा नियम आहे, आपणही तोच आकडा मागावा.

व्हॉल्व्हचा मोह

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर देखणे असतात आणि गोड वाजतात, हे मी नाकारणार नाही. मात्र त्यांची जोडी स्पीकर पाहूनच जमवावी लागते. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ साली काढलेला ३००बी हा व्हॉल्व्ह एकट्याने सुमारे ८ वॅट देतो. वरच्या गणिताप्रमाणे त्याला पंचाण्णवच्या पुढचे डेसिबल हवेत. दुसरी अडचण आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या आतल्या विरोधाची आहे. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स ०.१ ओहमच्या आत असतो, तर अशा व्हॉल्व्हचा अडीच ओहम असू शकतो. स्पीकर ४ ते २४ ओहमांत फिरत असेल तर अडीच ओहममुळे काही स्वर इतरांपेक्षा जवळजवळ साडेतीन डेसिबल उंचावतात, ०.१ ओहममध्ये हाच फरक ०.२ डेसिबलच्या आत राहतो. म्हणजे “व्हॉल्व्हचा गोडवा” पुष्कळदा त्या विशिष्ट स्पीकरच्या इम्पिडन्सच्या आलेखाचा आकार असतो, आणि स्पीकर बदलला की तो गोडवाही बदलतो. व्हॉल्व्हच घ्यायचा असेल तर सपाट इम्पिडन्सचा स्पीकर निवडावा आणि ४ व ८ ओहमच्या दोन्ही टॅपवर (स्पीकर जोडण्याच्या जागांवर) ऐकून पाहावे. ८ ओहमच्या स्पीकरलाही कधीकधी ४ चा टॅप अधिक नेटका वाजतो.

डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स) ५०० की ५० या वादात वेळ घालवू नये. स्पीकरच्या स्वतःच्या गुंडाळीतच सहा ओहम असतात. त्यापुढे ॲम्प्लिफायरचे ०.०१६ की ०.१६ हा फरक किरकोळ आहे. वायरीचेही तसेच. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर चार मीटर नेली तर जाऊन-येऊन जेमतेम ०.०५५ ओहम भरतात. इलेक्ट्रिकच्या दुकानातली चांगली वायर घ्यावी, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची कापावी आणि उरलेले पैसे स्टॅबिलायझरवर घालावेत.

आपली वीज आणि आपला मे महिना

माहितीपत्रकातली ताकद २३० व्होल्टवर मोजलेली असते. हिंगोली, बीड किंवा धाराशिवच्या गावाकडच्या भागात रब्बीत मोटारी चालू असताना संध्याकाळी घरात १९० व्होल्ट आले तर, साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि १०० वॅटचे सुमारे ६८ उरतात. ऐकण्यात ही घट पावणेदोन डेसिबलांचीच आहे, त्यामुळे तिचा बाऊ करू नये; मात्र गणिताने अगदी काठावरचा ॲम्प्लिफायर घेतला असेल तर तीच घट क्लिपिंगला, म्हणजे लाटेची टोके कापली जाण्याला, निमित्त ठरते. खरा धोका उलट दिशेचा आहे. न्यूट्रल ढिला झाला की व्होल्टेज एकदम चढते; २६० व्होल्टला व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या फिलामेंटवर ७.१ व्होल्ट येतात, आणि सर्वसाधारण १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ॲम्प्लिफायर घेण्याआधी आठवडाभर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास घरातले व्होल्टेज लिहून ठेवावे. ते २१० ते २४५ च्या दरम्यान राहत असेल तर काही करण्याची गरज नाही. त्याबाहेर जात असेल तर सर्वो स्टॅबिलायझर घ्यावा. रिलेचा खटखट करत पायऱ्यांनी व्होल्टेज बदलतो आणि संगीतात ते जाणवते. स्टॅबिलायझर लहान घेतला तर करंट अडतो, म्हणून १०० वॅटच्या दोन चॅनेलांना दोन केव्हीएच्या खाली जाऊ नये. भारनियमनात इन्व्हर्टरवर ऐकायचे असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष होते. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि मीठ-कोळशाचा खड्डाही कोरडा होतो. मार्च ते जून त्यात नियमित पाणी ओतावे. स्पीकरमधून घुं आवाज येत असेल तर केबल टीव्हीची किंवा संगणकाची जोडणी एकेक काढून पाहावी. घुं बंद व्हावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे. तो कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

उष्णतेचा प्रश्न तर आपल्याकडे ॲम्प्लिफायरच्या वर्गानुसारच, म्हणजे त्याचे ट्रान्झिस्टर वीज कशी हाताळतात त्यानुसारच ठरतो. ए वर्गाचा, ३० वॅटच्या दोन चॅनेलांचा ॲम्प्लिफायर संगीत चालू असो वा नसो, अडीचशे वॅटच्या आसपास वीज सतत खातो. चार तासांत एक युनिट. त्याचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे) खोलीपेक्षा २५ ते ३० अंश अधिक तापतात. युरोपातल्या २२ अंशांच्या खोलीत हे ५० अंशांपर्यंत जाते. नांदेडच्या किंवा परभणीच्या मे महिन्यात, स्लॅब दुपारभर तापून खोली ३८ अंशांवर आली असता, ते ६५ च्या पुढे जाते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. बरे, अशा वेळी कुलर लावला तर त्याच्या घरघरीत तानपुऱ्याचे बारीक काम बुडते, माणूस आवाज वाढवतो आणि वॅटची गरजही वाढते. म्हणून वातानुकूलित खोली नसेल तर ए वर्गाचा ॲम्प्लिफायर मराठवाड्यात घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. एबी वर्गाचा (ए आणि बी यांच्या मधला), मोठ्या हीटसिंकचा ॲम्प्लिफायर चालतो. त्याच्या वर एक वीत मोकळी जागा ठेवावी आणि तो काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नये. ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून काम करणाऱ्या डी वर्गाबद्दलचा जुना आकस आता सोडायला हरकत नाही. नेदरलँड्सच्या हायपेक्स आणि डेन्मार्कच्या प्युरिफाय यांच्या मॉड्यूलमध्ये आउटपुट फिल्टरच्या पुढून फीडबॅक (बाहेर पडणारा संकेत तपासून चूक सुधारण्याची सोय) घेतलेला असल्याने स्पीकर बदलला तरी आवाजाचा तोल ढळत नाही, ते ३ ओहमचा भार सहज पेलतात, आणि पूर्ण ताकदीला सुमारे ९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोहोचत असल्याने पेटी कोमटच राहते. अवघड स्पीकर आणि तापते घर या दोन्ही अडचणी एकत्र असतील तर माझी पहिली पसंती हीच.

ऐकून खात्री करणे

उंची साहित्य ऐकवणारी दुकाने पुणे-मुंबईत अधिक आहेत. लातूर-नांदेडच्या माणसाला हैदराबाद जवळ पडते आणि सोयीचेही वाटते. कुठेही गेले तरी आपलाच स्पीकर, किंवा निदान त्याच मॉडेलचा, त्या ॲम्प्लिफायरवर ऐकावा आणि दोन ॲम्प्लिफायर ताडून पाहताना दोघांचा आवाज मल्टिमीटरने सारख्या व्होल्टेजवर आणून घ्यावा, कारण अर्धा डेसिबल मोठा वाजणारा ॲम्प्लिफायर नेहमीच “अधिक जिवंत” वाटतो. दुकानातल्या ध्वनिशोषक खोलीतला निकाल घरच्या शहाबादी फरशीवर आणि उघड्या प्लॅस्टरमध्ये जसाच्या तसा उतरणार नाही. घरी सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर जाड कापड असेल तर बराच फरक पडतो. शक्य असेल तर घरी दोन दिवस ऐकण्याची परवानगी मागावी.

ऐकायला सोबत न्यायचे तीन प्रकार पुरतात. पहिला, अगदी हळू आवाजातला तानपुरा: जवारीचे तंतू वेगवेगळे ऐकू यावेत, ते एकमेकांत मिसळून खरखरीत झाले तर ॲम्प्लिफायर कमी पातळीवरच विकृती करतो आहे. दुसरा, वारकरी भजन, ज्यात पखवाज आणि टाळ एकत्र आहेत. आवाज हळूहळू वाढवत न्यावा आणि पखवाजाच्या थापेकडे लक्ष न देता टाळाकडे द्यावे. थाप पडते त्याच क्षणी टाळ कडक, कागदी किंवा बोथट होत असेल तर खालच्या स्वरांनी वीजपुरवठा ओढला आहे आणि ॲम्प्लिफायर करंटला कमी पडतो आहे. ही खूण थापेत शोधली तर सापडत नाही, टाळात लगेच सापडते. तिसरा, शांत जागा: संगीत थांबवून, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून ट्विटरपाशी कान न्यावा. ९५ डेसिबलच्या पुढच्या स्पीकरांत ॲम्प्लिफायरची सळसळ बसल्या जागी ऐकू येऊ शकते. अशा वेळी अधिक वॅटचा नव्हे, कमी गेनचा, म्हणजे संकेत कमी पटीने वाढवणारा, ॲम्प्लिफायर शोधावा. सर्वसाधारण पॉवर ॲम्प्लिफायर २६ ते २९ डेसिबल गेन देतो आणि डॅक (डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी पेटी) २ व्होल्ट पुरवतो, त्यामुळे कमी गेन बहुतेक घरांत पुरतोच.

ॲम्प्लिफायर घरी आला की स्पीकर जोडण्याआधी तो अर्धा तास नुसता चालू ठेवावा आणि दोन्ही चॅनेलच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजावेत. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्यापुढे असेल तर स्पीकर न जोडता विक्रेत्याला कळवावे. नंतर तो बंद करून वायरी जोडाव्यात आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही हे पाहावे. चालू करताना आधी प्लेअर किंवा डॅक आणि शेवटी ॲम्प्लिफायर, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर, हा क्रम ठेवावा. नेहमीच्या आवाजात तासभर ऐकून झाल्यावर एबी वर्गाच्या हीटसिंकवर तळहात पाच सेकंद ठेवता आला पाहिजे. हिवाळ्यात खरेदी केली असेल तर हीच परीक्षा एप्रिलअखेरीस, दुपारी चार वाजता, पुन्हा घ्यावी.